लशीच्या बाटलीवरील क्रमांक

बेळगावात आज सर्वस्वी मिसळून गेलेले शहापूर १९४८ सालापर्यंत निराळ्या राज्यात होते, हे नव्या पिढीला सांगूनही खरे वाटणार नाही. बेळगाव हे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्याचे ठिकाण, तर त्याला अगदी खेटून वसलेले शहापूर ही सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानातील भरभराटीची पेठ. विणकर, रंगारी, सोनार आणि सावकार यांच्यावर तिचा लौकिक उभा होता. शहापुरी माल बेळगावच्या बाजारात जाई, बेळगावचे जिन्नस शहापुरात येत. रोजच्या व्यवहारात माणसांना सीमेची आठवणही होत नसे. सरकारी दप्तरात मात्र ती सीमा पक्की होती. एका बाजूस मुंबई सरकारचा कायदा, दुसऱ्या बाजूस सांगली दरबारचा. साथीच्या रोगांना अर्थातच हे दप्तर ठाऊक नव्हते.

मुंबईत प्लेगचा पहिला रोगी ओळखला गेला तो १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात. ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. पुढच्याच वर्षी आगगाडीच्या मार्गाने ही साथ दक्षिणेत उतरली, आणि १८९७ च्या अखेरीस बेळगाव तिच्या विळख्यात सापडले. घरे मोकळी करणे, माणसे मळ्यात नि माळावर झोपड्यांत नेऊन ठेवणे, गाड्यांतील उतारूंची तपासणी करणे, एवढेच उपाय त्या वेळी सरकारच्या हाती होते. त्यांत भर पडली ती डॉ. वाल्डेमार हाफकिन यांच्या लशीची.

हाफकिन हे रशियातील ओडेसा गावी जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करण्यास जागा मिळाली, आणि तेथे अवघ्या तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. लस करण्याची रीत मोठी कुतूहलाची होती. प्लेगचे जंतू मांसाच्या रसात वाढवावयाचे. पण गाईचे वा डुकराचे मांस येथील लोकांस चालणार नाही, हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस वापरले. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले की त्यांना लटकून जंतूंची वाढ जोमाने होई. पुढे उष्णतेने ते जंतू मारून, रस नासू नये म्हणून त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालीत. परदेशी शास्त्रज्ञाने हिंदुस्थानातील स्वयंपाकघराशी इतके जुळवून घेतल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

बेळगावच्या छावणीत मद्रास पायदळाची एक पलटण होती. तिच्यातील शिपायांना व त्यांच्या बायकामुलांना ही लस टोचण्यात आली, आणि तिच्या गुणावगुणांचा जो आरंभीचा पुरावा पुढे आला त्यात बेळगावच्या या टोचणीची नोंद आहे. हुबळीस तर १८९८ साली डॉ. ल्यूमन यांच्या देखरेखीखाली तीस हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली. लोकांचा धीर वाढला तशी लशीची मागणीही वाढली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हीच पुढे, १९२५ पासून, हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून प्रसिद्धीस आली.

आता या हकिकतीतील मुख्य प्रसंग. तो घडला बेळगावपासून फार दूर, पंजाबात. परंतु त्याचे मूळ परळच्या त्याच प्रयोगशाळेकडे शोधले गेले. १९०२ साली पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध लस टोचण्याची प्रचंड मोहीम हाती घेतली आणि परळकडे लशीची अशी मागणी केली की, जुन्या रीतीने ती पुरी होणे अशक्य झाले. तेव्हा हाफकिन यांनी लस करण्याची जलद रीत अवलंबिली, आणि तीत कार्बोलिक आम्ल गाळले; नुसत्या उष्णतेने जंतुनाश पुरेसा होतो असे त्यांचे शास्त्रीय मत होते. असा फरक करण्यापूर्वी कोणाची तरी मंजुरी घ्यावी, असा नियम त्या काळी कोठेच नव्हता. मागणारे सरकार, करणारी प्रयोगशाळा सरकारची, आणि टोचणारेही सरकारचेच नोकर. मग विचारणार कोण?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्या दिवशी पाच बाटल्या फोडल्या होत्या. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारेच्या सारे मरण पावले. चौकशीत दिसून आले की, हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. बाकीच्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्या एकाही माणसास काही झाले नाही. त्या एका बाटलीवर क्रमांक होता ‘५३ एन’.

बाटलीवर क्रमांक नसता तर काय झाले असते याची कल्पना करावी. एकोणीस मृत्यूंचे खापर साऱ्या लशीवर, किंबहुना लस या कल्पनेवरच फुटले असते. क्रमांक होता म्हणूनच शोध एका बाटलीपाशी येऊन थांबला. तरीही तो तेथून पुढे न्यायाने गेला असे म्हणता येत नाही. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. बाटली फोडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच लस दूषित झाली असावी, असा त्या मंडळाचा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. परंतु मलकोवाल येथे बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले, ही गोष्टही पुराव्यात आलेली होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. तीवर भार न देता निकाल देण्यात आला, हे चौकशी मंडळाच्या थोरवीस शोभणारे नव्हते.

पुढे १९०७ साली रोनाल्ड रॉस प्रभृती नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. त्यांना पुन्हा नोकरीवर घेतले ते कलकत्त्यास. परळची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही.

याच सुमारास, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी, शहापूरच्या शेजारी दुसऱ्या एका लशीचे काम सुरू झाले. टिळकवाडीतील ज्या झाडीभरल्या आवाराला लोक ‘व्हॅक्सीन डेपो’ म्हणून ओळखतात, तेथे देवीची लस तयार होऊ लागली. मुंबईत देवीची पहिली टोचणी झाली ती १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हापासून बहुतेक एकोणिसावे शतक लस एका मुलाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर अशीच चालत आली होती. या पद्धतीत एकाचा रोग दुसऱ्यास जडण्याचे भय असे. बेळगावची संस्था निघाली ती वासरांपासून लस करण्यासाठी. वासराच्या पोटावरील केस काढून, कातडी स्वच्छ करून, तेथे लस ओरबाडून लावीत. पाचएक दिवसांनी फोड आले की ते खरवडून घेत आणि ग्लिसरिनमध्ये घोटीत. ग्लिसरिनमध्ये काही आठवडे ठेवल्याने इतर उपद्रवी जंतू मरत आणि देवीच्या लशीचे बळ टिकून राही. सुमारे अडीच हजार फूट उंचीवरील बेळगावची थंड हवा या कामास मानवणारी होती. सबंध मुंबई इलाख्याला येथून लस जाई.

देवी टोचून घेण्याची सक्ती करणारा १८८० चा कायदा नगरपालिका व छावण्या यांच्यापुरता होता, आणि तोही ब्रिटिश मुलखात. म्हणजे लस जेथे तयार होई त्या आवारापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या शहापुरास तो आपोआप लागू नव्हता. लस टोचण्याविषयी कायदा होता खरा. परंतु लस कशी करावी, तिची परीक्षा कोणी करावी, बाटलीवर काय लिहावे, याविषयी मलकोवालनंतरही सबंध देशासाठी एकही कायदा झाला नाही. औषधांच्या बाजाराची तर गोष्टच सोडा. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी औषधांचा पूर देशात लोटला, आणि त्यात खऱ्याबरोबर खोटेही वाहून आले. हिवतापाने फणफणणाऱ्या माणसास दिलेल्या क्विनाइनच्या गोळीत क्विनाइनच पुरेसे नसे. १९२७ साली पुण्याचे सर हरून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये याविषयी ठराव आणला. तीन वर्षांनी, १९३० मध्ये, कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९३१ साली तिचा अहवाल आला. त्यावर सरकार नऊ वर्षे बसून राहिले!

अखेर १९४० साली ड्रग्ज ॲक्ट झाला. १९४५ साली त्याखालील नियम आले. आणि प्रत्यक्ष अंमल १९४७ साली सुरू झाला. या नियमांत लशी व रक्तरस यांच्यासाठी निराळे परिशिष्ट आहे. परवान्याशिवाय लस करता येणार नाही. प्रत्येक घाण्याची निराळी परीक्षा व नोंद हवी. बाटलीवर घाण्याचा क्रमांक आणि मुदतीची तारीख हवी. ‘५३ एन’ या क्रमांकाने जे काम केवळ प्रयोगशाळेच्या चांगल्या सवयीमुळे केले होते, ते आता कायद्याचे कलम झाले. मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली होती.

हा कायदाही ब्रिटिश हिंदुस्थानासाठीच होता. त्यामुळे कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाहता, बेळगावातील औषधविक्रेत्यास जो नियम बांधून घेई, तो शहापुरातील विक्रेत्यास बांधीत नव्हता. ८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा कोठे ही अजब अवस्था संपली. पुढे आठच वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातील मराठी माणसाच्या मनातील ती जखम सर्वांस ठाऊक आहे. येथे एवढेच नमूद करावयाचे की, त्या दिवशी बेळगावची लससंस्थाही म्हैसूरकडे गेली. औषधांचा कायदा मात्र या वेळी दोन्ही बाजूंस एकच होता.

या संस्थेचे मोठे काम अजून पुढेच होते. १९६२ साली देशभर देवी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. ग्लिसरिनमधील पातळ लस उन्हाळ्यात थोड्याच दिवसांत निकामी होई, आणि खेड्यापाड्यांत बर्फ कोठून आणणार? लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियर यांनी गोठवून सुकवलेली लस सिद्ध केली होती. ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत महिनाभर ठेवूनही तिचे बळ टिके. भारतात ही सुकी लस चार ठिकाणी तयार होऊ लागली: पटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव. जागतिक आरोग्य संघटनेने अशा लशीसाठी मोजके माप घालून दिले होते. दर मिलिलिटरला दहा कोटी जिवंत विषाणू हवेत, त्याहून कमी चालणार नाहीत. सरकारी संस्थेने केले म्हणून चांगलेच असणार, हा जुना समज या एका आकड्याने मोडीत काढला. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि ८ मे १९८० रोजी सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. वासरांच्या पोटावर लस वाढविण्याचे प्रयोजनच उरले नाही.

दरम्यान लशीचा धंदा खाजगी हातांत जाऊ लागला होता. परळच्या संस्थेस रक्तरसासाठी घोडे लागत. ते पुरविणाऱ्यांपैकी पुण्याच्या पूनावाला कुटुंबातील सायरस पूनावाला यांनी १९६६ साली स्वतःचीच सीरम इन्स्टिट्यूट काढली. हाफकिन संस्थेचे उत्पादनाचे अंग १९७५ साली निराळ्या महामंडळाकडे सोपविण्यात आले. उद्योग वाढला, तपासनीसांची संख्या मात्र त्या वेगाने वाढली नाही. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोक्यातील वा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रोगी दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक बळी घेतले होते, आणि त्यावरून तेथे पुढच्याच वर्षी कडक कायदा झाला होता. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने उत्पादक, मधले व्यापारी, रुग्णालयातील खरेदी आणि राज्याचे औषध प्रशासन यांची झडती घेतली. उद्योगात वापरावयाचे ग्लिसरिन हातोहात फिरत रुग्णालयात औषध म्हणून पोहोचले होते. परवाने होते, शिक्के होते, कागद होते. ते ग्लिसरॉल रोग्यास देण्यापूर्वी कोणी तपासलेच नव्हते.

जानेवारी २००८ मध्ये मात्र केंद्र सरकारने आपल्याच तीन जुन्या लससंस्थांचे, म्हणजे कसौली, कुन्नूर व गिंडी येथील संस्थांचे, उत्पादन-परवाने उत्तम उत्पादनाचे नियम न पाळल्याच्या कारणावरून रोखले. सरकारने सरकारलाच जाब विचारावा, हे १९०२ साली कोणाच्या स्वप्नातही आले नसते. अर्थात या कठोरपणाची किंमतही मोजावी लागली. सरकारी लस बंद पडताच बालकांच्या लशींसाठी खाजगी कारखान्यांवर विसंबावे लागले, आणि संसदेपर्यंत त्याचे पडसाद उमटले. २०१० साली ते परवाने पुन्हा देण्यात आले.

त्यानंतरही विषारी सिरपच्या बातम्या थांबल्या नाहीत. २०२२ साली गांबिया देशात किमान सत्तर मुले दगावली, आणि संशय भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांवर आला. कारखान्यांसाठीचे नियम २०२३ च्या अखेरीस नव्याने जाहीर झाले. लहान कारखान्यांना ते पाळण्यास मुदत मिळाली, मग ती वाढविण्यात आली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात वीसहून अधिक बालके खोकल्याच्या एका औषधाने मरण पावली. औषध तामिळनाडूत तयार झालेले होते. तेथील सरकारी प्रयोगशाळेस त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. बाटल्यांवर घाण्याचा क्रमांक होता ‘एसआर-१३’.