जुन्या वस्त्राची नवी नेसण

जुने वस्त्र पेटीत जपून ठेवणे सोपे. ते अंगावर घेऊन रोजच्या कामाला बाहेर पडणे मात्र अवघड. जुन्या वळणाचा पोशाख आजच्या व्यवहारात कसा आणावा, हा प्रश्न आपणांस पडतो, तसाच तो १८६४ साली कलकत्त्याच्या ज्ञानदानंदिनी देवींपुढेही उभा राहिला होता.

त्यांचे पती सत्येंद्रनाथ ठाकूर हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. पत्नीला बरोबर न्यावयाचे ठरले. पण तिने नेसावे काय? बंगालमधील घरंदाज स्त्रिया तेव्हा पोलक्यापरकरावाचून नुसती एक साडी अंगाभोवती घेत. अंतःपुरात ते चालून जाई. घराबाहेर चालण्यासारखे नव्हते. म्हणून एका फ्रेंच दुकानातून पौर्वात्य थाटाचा खास पोशाख शिवून घेण्यात आला. तो इतका अवघड निघाला, की दुसऱ्याच्या मदतीवाचून घालता येईना.

मुंबईत हे दांपत्य माणेकजी करसेटजी या सुधारक पारशी गृहस्थांच्या घरी राहिले. पारशी स्त्रियांची नेसण ज्ञानदानंदिनींनी तेथे पाहिली आणि आपलीशी केली. परंतु जशीच्या तशी नव्हे. पारशी पदर उजव्या खांद्यावरून पुढे येई. त्यांनी तो डाव्या खांद्यावर घेतला आणि उजवा हात कामाला मोकळा ठेवला. साडीखाली परकर आणि पोलके आले. पुढे 'बामाबोधिनी पत्रिके'त जाहिरात देऊन ही नेसण इतरांना शिकविण्याची तयारीही त्यांनी दाखविली. ब्राह्मसमाजातील स्त्रियांनी ती प्रथम उचलली, म्हणून ती 'ब्राह्मिका साडी' म्हणून ओळखली जाऊ लागली.

हे सारे सुखासुखी झाले नाही. १८६६ साली त्या कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या मेजवानीला गेल्या, तेव्हा ठाकूर घराण्यातील एक वडीलधारे गृहस्थ लाजेने तेथून निघून गेले. वस्त्राच्या प्रश्नाआड स्त्रीने उंबरठा ओलांडावा की नाही, हा खरा प्रश्न होता.

फ्रेंच दुकानातला पोशाख आणि ही साडी, दोहोंतही जुन्यानव्याचा मेळ होता. पहिला विस्मृतीत गेला, दुसरी रूढ झाली; कारण ती एकटीला नेसता येत होती आणि नेसून वावरता येत होते. खणाचे जाकीट शिवताना किंवा आजीच्या इरकलीवर आजचा सदरा घालताना हीच कसोटी लावावी. यात जिना चढता येतो का? हात मोकळा राहतो का? आपल्या नऊवारीचा कासोटा शेतात राबणाऱ्या बाईला सोयीचा होता, तो पायांना मोकळीक देई म्हणूनच. जुन्या वस्त्राचा काठ आणि रंग आपण हौसेने घेतो. त्याची ही सोयही घ्यावी, म्हणजे ते सणावारापुरते न राहता रोजच्या अंगवळणी पडेल.