‘ड्राइव्ह आढळत नाही’ : लिनक्स व ऑप्टिकल डिस्क ड्राइव्ह यांच्या संबंधाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
लॅपटॉपमध्ये सीडी घातली, तबकडी फिरल्याचा आवाजही आला. परंतु पडद्यावर काहीच उमटले नाही. लिनक्स वापरणाऱ्या एका संपूर्ण पिढीने हा अनुभव घेतलेला आहे. अशा वेळी ड्राइव्ह बिघडला असे मानून तो बदलण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात ‘ड्राइव्ह आढळत नाही’ या तक्रारीचा अर्थ प्रत्येक कालखंडात निराळा होता आणि ड्राइव्हचा दोष हा त्यांपैकी केवळ एक अर्थ होय. प्रस्तुत लेखात या बदलत्या अर्थांचा मागोवा घेण्यात आला आहे. महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय परका नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी एम.फिल. व पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत आयोगाकडे पाठविणे विद्यापीठांवर बंधनकारक केले. त्या काळात अशी प्रत सीडीवर देण्याची रीत सर्वपरिचित होती. ग्रंथालयांच्या कपाटांतील त्या तबकड्या वाचता येणे हे शेवटी ड्राइव्ह ओळखला जाण्यावरच अवलंबून आहे.

स्वतंत्र कार्डांचा काळ :
सोनी व फिलिप्स यांनी १९८३ मध्ये सीडी-रॉमचे मानक निश्चित केले. तबकडीवर फायलींची मांडणी कशी असावी, हे आयएसओ ९६६० या मानकाने १९८८ मध्ये ठरविले. ड्राइव्ह संगणकाला कसा जोडावा, याबाबत मात्र दोन्ही मानके मौन बाळगून होती. परिणामी मित्सुमी, सोनी, पॅनासॉनिक अशा उत्पादकांनी आपापली जोडणी रूढ केली. कित्येकदा ती साउंड कार्डावरच असे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली, तेव्हा परिस्थिती ही अशी होती. त्यामुळे प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालविणारा आज्ञासंच, लिहावा लागला. असा ड्रायव्हर ठरावीक पत्त्यांवर संदेश टाकून उत्तराची वाट पाहत असे. पत्ता चुकला, तर ड्राइव्ह नाहीच असे गृहीत धरले जाई; शिवाय त्या चाचपणीने शेजारचे नेटवर्क कार्ड बंद पडण्याची भीती असे. म्हणून संगणक सुरू होतानाच वापरकर्त्याने पत्ता सांगावा, अशी अपेक्षा ठेवण्यात येई. त्या काळी ‘आढळत नाही’ याचा अर्थ ‘कोठे पाहावे हे कोणी सांगितले नाही’ इतकाच होता.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून एटीएपीआय पद्धत रूढ झाली. हार्ड डिस्कच्याच आयडीई जोडणीवर सीडी ड्राइव्ह आला आणि लिनक्सला एकाच ड्रायव्हरवर बहुतेक सर्व ड्राइव्ह चालविता येऊ लागले. लॅपटॉपमध्ये तो सहसा दुसऱ्या वाहिनीवर पहिला असे. म्हणून त्याला ‘एचडीसी’ हे नाव मिळे. मात्र १९९५ मध्ये फीनिक्स व आयबीएम यांनी मांडलेल्या ‘एल टोरिटो’ पद्धतीने संगणक थेट सीडीवरून सुरू करण्याची सोय झाली आणि एक चमत्कारिक प्रसंग वारंवार उद्भवू लागला. बायोस सीडीवरून कर्नेल उचलून स्मृतीत ठेवी. कर्नेल सूत्रे हाती घेई. आणि मग ज्या ड्राइव्हमधून ते आले, तोच ड्राइव्ह त्याला सापडत नसे. कारण बायोसची ओळख बायोसपुरती होती. कर्नेलला स्वतःचा ड्रायव्हर हवा होता. भारतासारख्या देशात, जेथे डायल-अप जोडणीवर संपूर्ण लिनक्स उतरवून घेणे जवळजवळ अशक्य होते, तेथे ही अडचण जिव्हारी लागणारी होती. मासिकांसोबत मिळणारी किंवा २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या ‘शिपइट’ योजनेतून टपालाने विनामूल्य येणारी सीडी हेच अनेकांचे लिनक्सकडे जाण्याचे द्वार होते.

नामांतराचे गोंधळ :
सीडी लिहिण्याची सोय आली, ती नवा घोटाळा घेऊन. ‘सीडीरेकॉर्ड’ हा प्रचलित प्रोग्राम स्कझी उपकरणांची भाषा बोलत असे. म्हणून २.४ मालिकेच्या कर्नेलमध्ये आयडीई ड्राइव्हला स्कझीचे सोंग देणारा ‘आयडीई-स्कझी’ ड्रायव्हर वापरावा लागे. तो कार्यान्वित होताच ड्राइव्हचे नाव ‘एससीडी०’ होई आणि ‘एचडीसी’वर विसंबलेल्या जुन्या नोंदी निरुपयोगी ठरत. लेखन साधले, वाचन हरवले! डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीने या सोंगाची गरज संपविली.

खरा पेच सॅटा तंत्रज्ञानाच्या संक्रमणात निर्माण झाला. अनेक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क नव्या सॅटा पद्धतीची, तर डीव्हीडी ड्राइव्ह जुन्या पद्धतीचा आणि दोन्ही एकाच नियंत्रकाखाली, अशी सरमिसळ होती. जेफ गार्झिक यांच्या ‘लिबएटीए’ या नव्या व्यवस्थेने नियंत्रक ताब्यात घेतला, तर जुन्या आयडीई ड्रायव्हरला वाव उरत नसे. आणि लिबएटीएमधील एटीएपीआयची सोय अपरिपक्व म्हणून २००५ च्या सुमारास मुळातच बंद ठेवलेली असे. येथे बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट अशी की, ड्राइव्ह कर्नेलला दिसत होता. ‘एटीएपीआय बंद आहे, सबब उपकरणाकडे दुर्लक्ष केले’ अशा आशयाची स्पष्ट नोंद संदेशसूचीत होत असे. वापरकर्ता मात्र ती सूची न उघडता नवा ड्राइव्ह विकत घेण्याच्या विचारात असे. सुरुवातीच्या आज्ञेत एक शब्द वाढविला की तोच ड्राइव्ह कामाला लागे. पुढे ही सोय आपोआप सुरू राहू लागली आणि नोव्हेंबर २००६ मधील २.६.१९ आवृत्तीत जुन्या जोडणीचे ड्रायव्हरही लिबएटीएमध्ये आले. त्यांचा अवलंब होत गेला, तसा ‘एचडीसी’चा ‘एसआर०’ झाला.

निदानाचा क्रम :
या इतिहासामुळेच आजही निदान थरांनुसार करावे लागते. बायोसच्या यादीत ड्राइव्ह नसेल, तर तो खाचेतून काढून पुन्हा बसवावा. लॅपटॉपमधील सरकता ड्राइव्ह किंचित सैल होणे ही अगदी साधी, म्हणूनच दुर्लक्षित राहणारी बाब आहे. बायोसमध्ये आहे पण ‘डीमेसेज’ आज्ञेने दिसणाऱ्या संदेशसूचीत नाही, तर दोष नियंत्रकाच्या ड्रायव्हरचा किंवा बायोसमधील निवडीचा संभवतो. सूचीत आहे पण ‘एसआर०’ नाही, तर ‘एसआर-मॉड’ हा भाग कर्नेलमध्ये चढला आहे का, हे तपासावे लागते. ‘एसआर०’ आहे आणि तरीही सीडी उघडत नाही, तर प्रश्न परवानगीचा, तबकडीचा किंवा भिंगावरील धुळीचा असू शकतो. सीडी ७८० नॅनोमीटरच्या, तर डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लेसरने वाचली जाते; त्यामुळे एक लेसर क्षीण झालेला ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, पण सीडी नाकारतो. त्याला ‘न आढळलेला’ म्हणणे चुकीचे होय.

जुन्या स्वतंत्र कार्डांचे ड्रायव्हर २००७ मध्ये कर्नेलमधून वगळण्यात आले. ऑगस्ट २०२१ मधील ५.१४ आवृत्तीत जुनी आयडीई व्यवस्थाही काढण्यात आली आणि तिच्यासोबत ‘एचडीसी’ हे नाव कर्नेलमधून गेले. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ड्राइव्हची खाचच नसते. प्रबंधाची सीडी वाचण्यासाठी यूएसबीने बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हलाही लिनक्स ‘एसआर०’ असेच नाव देते. स्कझीची केबल कोठेही नसताना.