अर्धा थेंब पेट्रोल

आपल्याकडे ट्रक म्हटला की डोळ्यांसमोर डिझेलवर चालणारी मालमोटार येते. अमेरिकेत मात्र मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप गाडीलाही ट्रकच म्हणतात, आणि तिचे इंजिन बहुधा पेट्रोलचे असते. जनरल मोटर्स कंपनीचा १९७३ सालापासूनचा चौकोनी बांध्याचा शेव्हरले पिकअप हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १९८६ सालच्या गाडीचे बॉनेट उघडले तर इंजिनाच्या माथ्यावर कार्ब्युरेटर दिसतो. १९८७ च्या गाडीत बांधा तोच, ५.७ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिनही मुळात तेच. पण कार्ब्युरेटरच्या जागी विजेवर उघडझाप करणाऱ्या दोन तोट्या, म्हणजे इंजेक्टर, आलेले असतात. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही १९८७ ते १९९५ च्या भंगारात निघालेल्या ट्रकांवरून हे उपकरण उतरवून घेतात आणि आपल्या त्याहून जुन्या गाडीवर चढवतात. इंजिन जुने, त्याला पेट्रोल पाजण्याची रीत नवी.

असे करण्याचे कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते. पेट्रोल वाचते, थंडीत गाडी चटकन सुरू होते, चढावर दम लागत नाही. हे सगळे खरे आहे. पण पेट्रोल फवारण्याची युक्ती काही १९८७ साली सापडलेली नव्हती. ती त्याआधी निदान पन्नास वर्षे ठाऊक होती. मग कार्ब्युरेटर इतकी वर्षे टिकला कसा, आणि गेला तो तेव्हाच का गेला? याचे उत्तर इंजिनापेक्षा त्याच्या धुरात अधिक सापडते, असे आम्हाला वाटते.

आधी थोडे रसायनशास्त्र. पेट्रोलऐवजी शुद्ध ऑक्टेन घेऊ, म्हणजे हिशेब सोपा होईल. ऑक्टेनच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. ते पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे साडेबारा रेणू लागतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, तेव्हा हवा लागली सुमारे १७२५ ग्रॅम. गुणोत्तर आले १५ ला १. प्रत्यक्षातील पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्याने त्याचा आकडा १४.७ धरतात. हवा याहून कमी पडली की मिश्रण 'गडद' आणि जास्त झाली की 'विरळ'. गडद मिश्रणात ताकद थोडी वाढते, पण कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल धुरावाटे बाहेर पडते. फार विरळ केले तर इंजिन अडखळते.

हे प्रमाण राखायचे कसे? १८८० च्या दशकातील पहिल्या मोटारींत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेत आणि ती जाता जाता बाष्प उचलून घेई. हवा थंड असली की बाष्प कमी. १८९३ साली बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, आणि काही महिन्यांनी जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, पेट्रोल फवारणाऱ्या कार्ब्युरेटरचे पेटंट मिळवले. फुलांवर पाणी फवारणारी फूलवाली पाहून बांकी-चोंकांना ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, वर्गात सांगायला चांगली आहे. त्या जोडीला प्रयोगही करता येतो. पाण्याच्या पेल्यात एक नळी उभी धरावी आणि तिच्या वरच्या तोंडावरून दुसऱ्या नळीने जोरात फुंकर मारावी. पाणी नळीतून वर चढते आणि तुषार उडतात. कार्ब्युरेटर म्हणजे हीच फुंकर. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल आपोआप ओढले जाते. हवा जास्त तर पेट्रोल जास्त. वीज नको, गणित नको.

मात्र या साध्या यंत्रात एक चूक जन्मजातच आहे. गळ्यातला दाबातील फरक हवा आणि पेट्रोल दोघांनाही सारखाच मिळतो, आणि त्या फरकाने वाहणारे वस्तुमान घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. पेट्रोलची घनता डोंगरावर बदलत नाही, हवेची बदलते. कोलोरॅडोतील डेन्व्हर शहर १६०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असते. ०.८५ चे वर्गमूळ ०.९२, म्हणजे मिश्रण आठेक टक्क्यांनी गडद झाले. महाबळेश्वरचा घाट चढलेल्या जुन्या मोटारींचेही हेच होई, तिथे सहा-सात टक्क्यांनी. कार्ब्युरेटरला हवेचे वजन कळत नाही, तिचा झोत तेवढा कळतो.

यावर उपाय निघाले, पण ते थिगळांसारखे. इंजिन रिकामे फिरताना गळ्यातील झोत अपुरा पडतो, म्हणून वेगळे जेट. पाय एकदम दाबला तर हवा आधी धावते आणि पेट्रोल मागे राहते, म्हणून छोटा पिचकारीसारखा पंप. थंडीसाठी चोक. एका कार्ब्युरेटरमध्ये अशी पाच-सहा वेगवेगळी उपकरणे नांदत, आणि कुशल मेस्त्री केवळ आवाज ऐकून त्यांची तोंडमिळवणी करी.

या यंत्राची मर्यादा सर्वांत ठळकपणे दिसली ती १९४० साली, इंग्लंडच्या आकाशात. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता. त्यांच्याशी झुंजणाऱ्या जर्मन मेसरश्मिट १०९ च्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई. शत्रू पाठीशी लागला की जर्मन वैमानिक विमानाचे नाक एकदम खाली दाबी. त्याच्यामागे ब्रिटिश वैमानिकाने तसेच केले की त्याचे इंजिन खोकू लागे. कारण सोपे आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी कोठी असते आणि तरंगणारा फ्लोट तिची पातळी राखतो. पातळी या शब्दालाच गुरुत्वाकर्षण हवे! नाक अचानक दाबताच कोठीतले पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर उपाशी राही. मग फ्लोटचीही दिशाभूल होऊन पंपाचे पेट्रोल अनिर्बंध आत येई, आणि इंजिन गुदमरे. हे टाळायला ब्रिटिश वैमानिक आधी विमान उलटे करून मग झेपावत. त्यात मोलाचे सेकंद जात.

यावर तातडीचा उपाय काढला तो फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधील अभियंता बिअ‍ॅट्रिस शिलिंग यांनी. या बाई स्वतः मोटारसायकलच्या शर्यतीत उतरत. पेट्रोलच्या नळीत बसवायची भोक पाडलेली एक छोटी पितळी चकती त्यांनी तयार केली. भोकाचे माप असे की इंजिनाला पूर्ण ताकदीला लागेल तेवढेच पेट्रोल जावे, त्याहून अधिक नाही. उपाशी राहण्याचा क्षण तिने टळला नाही, पण गुदमरणे थांबले. १९४१ मध्ये या चकत्या विमानांत बसल्या आणि वैमानिकांचा जीव भांड्यात पडला. तरीही ते एक थिगळच होते.

तरीसुद्धा कार्ब्युरेटर अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही. मर्लिनमध्ये पेट्रोलचे आधीच बाष्पीभवन होऊन हवा थंड होई आणि त्याने ताकद वाढे. रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांनी तो सोडला नाही याला हे एक कारण होते. शिवाय तो स्वस्त होता. डिझेल इंजिनासाठी बॉश कंपनी १९२७ पासून इंजेक्शनचे पंप मोठ्या संख्येने बनवत होती. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या मोटारीत पेट्रोलचे यांत्रिक इंजेक्शन आले. पण असे पंप म्हणजे घड्याळाइतके काटेकोर आणि तितकेच महाग काम. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने विजेवर चालणारे 'इलेक्ट्रोजेक्टर' तयार केले, आणि क्रायस्लरने १९५८ च्या सुमारे ३५ मोटारींत ते बसवले. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग उष्णता आणि दमट हवा सोसू शकले नाहीत. यांतील बहुतेक मोटारींवर पुढे इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर चढवावा लागला. आजच्या शौकिनांच्या उद्योगाच्या नेमके उलटे.

पारडे फिरले ते लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आरी हागेन-स्मिट हे मूळचे वनस्पतींच्या रसायनांचे अभ्यासक. अननसाच्या वासाचे पृथक्करण करत असताना त्यांनी शहराच्या हवेचेही तसेच पृथक्करण केले. मोटारींच्या धुरातील न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने मोटारींच्या धुरातील प्रदूषके नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा पक्की झाली.

दरम्यान बेंडिक्सच्या पेटंटांचा आधार घेऊन बॉशने १९६७ साली फोक्सवॅगनच्या १६०० मोटारीसाठी 'डी-जेट्रॉनिक' ही इलेक्ट्रॉनिक पद्धती आणली. डी हे 'द्रुक', म्हणजे दाब, या जर्मन शब्दाचे आद्याक्षर. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतील दाब मोजायचा आणि त्यावरून हवेचे वजन काढायचे. आपण अकरावीला शिकवतो ते आदर्श वायूचे समीकरणच हे! आपल्या ५.७ लिटरच्या ट्रकला ते लावून पाहू. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ०.७१ लिटर. नळीतील दाब अर्धे वातावरण, तापमान २७ अंश सेल्सियस आणि सिलिंडर ८० टक्के भरतो असे धरले, तर एका घोटात सुमारे ०.३३ ग्रॅम हवा येते. १४.७ ने भागले की पेट्रोल २३ मिलिग्रॅम. म्हणजे साधारण अर्धा थेंब. मिनिटाला २००० फेऱ्यांच्या वेगाने हा अर्धा थेंब प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला सुमारे १७ वेळा द्यायचा असतो, आणि दर वेळी माप अचूक हवे.

किती अचूक? हे ठरवले उत्प्रेरकाने. प्लॅटिनम-गटातील धातूंचा थर दिलेला 'त्रिमार्गी' उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जाळतो आणि त्याच वेळी नायट्रोजनच्या ऑक्साइडांतील ऑक्सिजन काढून घेतो. ही दोन्ही कामे एकत्र साधतात ती १४.७ च्या आजूबाजूच्या जेमतेम एक टक्क्याच्या पट्ट्यात. डेन्व्हरला आठ टक्के चुकणाऱ्या यंत्राने तिथे उभे तरी कसे राहावे? दाब मोजणारे इंजेक्शनही एकट्याने पुरे पडत नाही, कारण झिजलेल्या इंजिनात आणि बदलत्या पेट्रोलमध्ये हिशेब चुकतोच. हवा होता तो झालेली चूक सांगणारा कोणी तरी.

तो मिळाला १९७६ साली, बॉशने बनवलेल्या आणि व्होल्वो मोटारीत प्रथम बसवलेल्या ऑक्सिजन-संवेदकाच्या रूपाने. शिंप्याच्या अंगुस्तानाएवढी झिर्कोनियाची ती टोपी. आतून बाहेरची ताजी हवा, बाहेरून इंजिनाचा धूर. सुमारे ३०० अंशांच्या वर तापली की झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीने विद्युतदाब निर्माण होतो. तो वाल्थर नेर्न्स्ट यांच्या एकोणिसाव्या शतकातील समीकरणाने मिळतो. तापलेला झिर्कोनिया वीज वाहतो हेही नेर्न्स्ट यांनीच आपल्या दिव्यात वापरले होते. मिश्रण गडद असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, विरळ असेल तर ०.१. १४.७ वर ही पायरी झटकन पडते. संगणक तेवढेच पाहतो, पेट्रोल किंचित कमी-जास्त करतो आणि पुन्हा पाहतो. आमच्या मते या इतिहासातील खरा मानकरी इंजेक्टर नसून ही टोपी आहे. कार्ब्युरेटरलाही तिच्याशी जोडून पाहिले गेले. १९८० च्या दशकात विजेच्या सुईने जेट कमी-जास्त करणारे कार्ब्युरेटर निघाले. ते शेवटचे थिगळ. पिकअप ट्रकांना धुराचे नियम मोटारींपेक्षा सैल होते, म्हणून तिथे जुने यंत्र अधिक टिकले, इतकेच.

भारतात चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक सक्तीचा झाला १९९५ च्या एप्रिलपासून. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. शिसे मुलांच्या मेंदूला घातक आणि उत्प्रेरकालाही. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर गेला तो २०२० च्या एप्रिलमध्ये, भारत स्टेज सहाच्या मानकांबरोबर.

जुन्या ट्रकवर इंजेक्शन चढवताना लोक अडतात ते बहुधा तोट्यांपाशी नाही. पहिली अडचण पंपाची. कार्ब्युरेटरला इंजिनावरचा यांत्रिक पंप पुरतो. त्याचा दाब वातावरणाच्या तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत. १९८७ च्या इंजेक्टरांना त्याच्या जवळजवळ दुप्पट लागतो आणि आजच्या तयार संचांना तीन-चार वातावरणे. म्हणून टाकीत विजेचा पंप, उरलेले पेट्रोल परत नेणारी नळी आणि दाब सोसणारे नवे रबरी पाइप लागतात. जुना पाइप तसाच ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. दुसरी अडचण अधिक फसवी. धुराड्याच्या नळीला संवेदकाच्या आधी कुठे बारीकशी फट राहिली की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. संवेदकाला ऑक्सिजन दिसतो, मिश्रण विरळ आहे असा त्याचा समज होतो आणि संगणक इमानेइतबारे पेट्रोल वाढवत जातो. मालक तोट्या बदलतो, पंप बदलतो, संगणकाला दोष देतो, आणि फट तशीच राहते. शिवाय इंजिन सुरू झाल्यावर टोपी तापेपर्यंतच्या पहिल्या काही क्षणांत संगणकाला काहीच दिसत नसते. तेवढा वेळ तोही पाण्याचे तापमान पाहून, साठवलेल्या कोष्टकावरून, अंदाजाने जास्तीचे पेट्रोल देतो. पूर्वी ते काम चोक करी.