कुर्ल्याच्या फियाटचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण प्रार्थनामंदिरांसाठी व किल्ल्यांसाठी राखून ठेवला आहे. जुन्या मोटारीसाठी तो वापरला, तर कोणी हसेलही. तथापि मुंबई आणि तिच्या उपनगरांत ज्या चिकाटीने फियाट गाड्या चालत्या ठेवल्या गेल्या, त्या उद्योगाला दुसरा शब्द आम्हांस सुचत नाही.

या गाडीचा इतिहास कुर्ल्याशी निगडित आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने तेथे ‘११००’ आणि १९६४ पासून ‘११०० डी’ ही गाडी तयार होऊ लागली. १९७४ साली तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इटलीत हे मॉडेल १९६६ साली बंद झाले. आपल्याकडे मात्र किरकोळ फेरफारांसह ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिले. आयातीवर कडक निर्बंध होते, उत्पादन तुटपुंजे होते आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा काळात ज्याच्या दारी गाडी आली, त्याला ती टिकविण्यावाचून गत्यंतर नव्हते. या वर्षी ब्रेक, पुढच्या वर्षी इंजिन, अशी कामे ऐपतीप्रमाणे होत. टप्प्याटप्प्याने दुरुस्ती करण्याची ही रीत छंदातून नव्हे, टंचाईतून जन्मली.

आज मर्यादित पैशांत अशी गाडी उभी करू पाहणाऱ्याने तीच रीत अनुसरावी. प्रथम खर्च करावा तो ब्रेकवर; चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्याने ते नीट असणे अगत्याचे. त्यानंतर गंज. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. म्हणून दारांखालचा व तळाचा पत्रा कुजला असेल, तर तो कापून नवा जोडल्याखेरीज पुढे जाऊ नये. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन साधे आहे. त्याचे काम पैसे साठल्यावर करता येते. रंग सर्वांत शेवटी. पुष्कळ जण आरंभीच रंगावर पैसे उधळतात आणि वर्षभरात गंज त्यातून डोके वर काढतो. संपूर्ण गाडी एकदम सुटी करण्याचा मोहही टाळावा. पैसे संपले की ती पुन्हा जुळत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी चालती राहिली पाहिजे. दीर्घकाळ उत्पादन झाल्यामुळे भंगार बाजारात हिचे भाग शोधल्यास सापडतात, हे आपले भाग्य.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी दुचाकी व मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले. जुना भाग फेकण्यापूर्वी दोनदा विचार करण्यास हेही एक कारण आहे.

परंतु आमची खरी चिंता निराळी आहे. टॅक्सींना असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सींच्या आधारावर उभी असलेली गॅरेजेही तिच्यामागे ओसरत आहेत. पत्रा ठोकून मूळ आकारात आणणारे, आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारे मिस्त्री आता वृद्ध झाले. सुटे भाग कपाटात जपून ठेवता येतात. हातची विद्या तशी ठेवता येत नाही. ज्यांच्या आळीत असा मिस्त्री अद्याप काम करतो आहे, त्यांनी आपली जुनी गाडी त्याच्याकडेच न्यावी, आणि सोबत घरातील एखाद्या तरुणालाही न्यावे.