उज्जैनची मध्यरेषा : सण, तिथी आणि सनांचा सामायिक वारसा

प्रास्ताविक

सण, उत्सव, जयंत्या आणि पुण्यतिथ्या यांची यादी प्रत्येक महाविद्यालयाच्या वार्षिक नियोजनात असते. ती शासकीय परिपत्रकातून किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून उतरवून घेतली जाते. परंतु गुढीपाडवा दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो, रमजान सर्व ऋतूंतून का फिरतो, एकाच ऐतिहासिक घटनेच्या दोन-तीन तारखा का आढळतात, हे प्रश्न विद्यार्थी विचारतात तेव्हा यादी अपुरी पडते. त्यातून असाही समज पसरतो की हिंदूंचे पंचांग वेगळे, मुसलमानांचे वेगळे आणि दोहोंचा एकमेकांशी कधीच संबंध आला नाही. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. क्षिप्रेच्या काठावरील उज्जैन हे शहर त्या साक्षीचे मुख्य ठिकाण आहे.

भारतीय ज्योतिषाचे मध्यस्थान

आज जगाची वेळ ग्रीनिचवरून मोजली जाते. प्राचीन भारतीय ज्योतिषात हे स्थान उज्जयिनीचे होते. सूर्यसिद्धान्तानुसार मध्यरेषा विषुववृत्तावरील लंकेपासून निघून अवंती म्हणजे उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे जाते. इतर गावांचे गणित करताना या रेषेपासूनचे अंतर विचारात घेतले जाई. त्याला ‘देशांतर संस्कार’ असे म्हणत. सहाव्या शतकातील वराहमिहिर हा अवंतीचाच होता. त्याच्या ‘पंचसिद्धान्तिका’ या ग्रंथातील गणिताचा आरंभ शके ४२७ म्हणजे इ. स. ५०५ हा आहे. विशेष म्हणजे त्याने संग्रहित केलेल्या पाच सिद्धान्तांपैकी ‘रोमक’ आणि ‘पौलिश’ या दोन नावांतच पश्चिमेकडील विद्येशी आलेला संबंध दिसतो. कालगणनेची विद्या आरंभापासूनच देवाणघेवाणीतून वाढली, हे यावरून स्पष्ट होते.

बगदादमध्ये उज्जैन

इसवी सनाच्या आठव्या शतकात अब्बासी खलिफा अल्-मन्सूर याच्या कारकिर्दीत सिंधमधून एक शिष्टमंडळ बगदादला गेले. त्यासोबत गेलेल्या भारतीय विद्वानाने संस्कृत ज्योतिषग्रंथ तेथे नेला. हा प्रसंग सुमारे इ. स. ७७१ ते ७७३ या काळातील मानला जातो. या ग्रंथाच्या आधारे अल्-फजारी आणि याकूब इब्न तारिक यांनी अरबीत रचना केली आणि ‘सिंदहिंद’ ही परंपरा सुरू झाली. ‘सिद्धान्त’ या शब्दाचेच हे अरबी रूप होय.

नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीने आपली कोष्टके या परंपरेवर रचली. ग्रंथांबरोबर उज्जैनचे नावही गेले. अरबी लिपीत ते ‘उझैन’ असे लिहिले जाई. ‘झ’ दर्शविणाऱ्या अक्षरावरील एक टिंब गळाले की तेच अक्षर ‘र’ होते. नकला होता होता ‘उझैन’चे ‘अरीन’ झाले. पुढे लंका आणि उज्जैन यांची सरमिसळ होऊन अरीन हे वसलेल्या पृथ्वीचे मध्य मानले गेले आणि ‘अरीनचा घुमट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

स्पेनमधील मस्लमा अल्-मजरीती याने ख्वारिज्मीच्या कोष्टकांची नवी आवृत्ती तयार केली. इ. स. ११२६ मध्ये इंग्लंडच्या बाथ येथील ॲडेलार्डने तिचे लॅटिन भाषांतर केले. अशा रीतीने माळव्यातील एका नगराची रेषा अरबीच्या मार्गाने युरोपच्या ग्रंथालयांत पोहोचली. नाव चुकले, पण मोजमापाचा धागा तुटला नाही.

अल्-बिरूनीची पद्धत

अकराव्या शतकातील अल्-बिरूनीने आपल्या ‘किताब-उल्-हिंद’ या ग्रंथात भारतीय सन, महिने, सण आणि उज्जैनची मध्यरेषा यांची चर्चा केली आहे. त्याची पद्धत आजच्या अध्यापकालाही उपयुक्त आहे. सन अनेक असल्यामुळे वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून त्याने इराणी यज्दगिर्द सनाचे ४०० वे वर्ष प्रमाण म्हणून घेतले आणि त्या वर्षी इतर सनांचे किती वर्ष येते ते सांगितले. त्याने दिलेले आकडे विक्रम संवत १०८८ आणि शक ९५३ असे आहेत. विक्रमातून ५७ वजा केले किंवा शकात ७८ मिळवले तरी १०३१ हेच उत्तर येते. दोन्ही बाजूंचे गणित जुळते, यावरून त्याची माहिती किती काटेकोर होती हे कळते.

विक्रम संवताचा उज्जैनशी असलेला संबंध लोकमानसात दृढ आहे. तथापि जुन्या शिलालेखांत या संवताला ‘कृत’ आणि नंतर ‘मालव’ असे म्हटले आहे. विक्रमाचे नाव त्याला नवव्या शतकापासून जोडलेले आढळते. परंपरेचा आदर राखूनही हा भेद वर्गात सांगता येतो.

जयसिंहाची वेधशाळा आणि फारसी कोष्टके

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथे वेधशाळा उभारल्या. उज्जैनमध्ये आजही सम्राट यंत्र, नाडीवलय, दिगंश आणि दक्षिणोत्तर भित्ती ही यंत्रे पाहावयास मिळतात. या वेधांशी निगडित कोष्टकांचा ग्रंथ ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ हा फारसीत असून तो मोगल बादशहा मुहम्मदशहा याच्या नावाने आहे. समरकंदच्या उलुघ बेगची कोष्टके, संस्कृत ग्रंथ आणि युरोपीय कोष्टके ही तिन्ही आकाशातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळत नाहीत, अशी तक्रार त्याच्या प्रस्तावनेत आहे. चंद्रदर्शन, ग्रहणे आणि ग्रहांचे उदयास्त यांवर धर्माची व राज्याची कामे अवलंबून असतात, म्हणून नव्याने वेध घेणे आवश्यक ठरले. या कामी मुसलमान ज्योतिषी, ब्राह्मण पंडित आणि युरोपीय जाणकार या सर्वांचे साहाय्य घेण्यात आले.

पुढे ही वेधशाळा मोडकळीस आली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला. त्यामागे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाचा पुढाकार होता.

मराठी कागदांतील हिजरी महिने

राणोजी शिंदे यांच्यापासून उज्जैन हे शिंद्यांच्या सत्तेचे केंद्र राहिले. इ. स. १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेर येथे मुक्काम हलवला. या काळातील मराठी पत्रांवर मोहरम, सफर, रमजान, जिल्काद असे महिने आढळतात आणि त्यापूर्वीचे ‘छ’ हे अक्षर चंद्रतिथी दाखवते. वर्ष मात्र हिजरी नसून बहुधा सुहूर सनाचे असते. त्याचे आकडे ‘इहिदे’, ‘इसन्ने’, ‘सलास’ अशा अरबी शब्दांत लिहिले जात. सूर्य मृग नक्षत्रात येताच हे वर्ष बदले, म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणत. पेरणी आणि सारावसुली यांना सौर वर्ष सोयीचे होते. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचे, शब्द अरबी आणि कारभार मराठी, अशी ही पद्धत होती.

पानिपतची लढाई हे याचे उत्तम उदाहरण आहे. महादजी शिंदे या लढाईतून जखमी होऊन बचावले. लढाईचा दिवस इसवी सनाप्रमाणे १४ जानेवारी १७६१, शकाप्रमाणे पौष शुद्ध अष्टमी १६८२, विक्रम संवताप्रमाणे १८१७, हिजरीप्रमाणे जमादिलाखर ११७४ आणि सुहूरप्रमाणे ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. दिवस एक, सन पाच. यांपैकी एकच सन वाचता येणारा अभ्यासक त्या काळातील बराचसा पत्रव्यवहार वाचू शकणार नाही.

महिना कोठे सुरू होतो ?

उज्जैनमधील मराठी कुटुंबांना आणखी एक भेद अनुभवास येतो. माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे एकाच रात्री येणारी महाशिवरात्र उज्जैनमध्ये फाल्गुन वद्य चतुर्दशीची, तर पुण्यात माघ वद्य चतुर्दशीची असते. माळव्याचा श्रावण पंधरवडाभर आधी सुरू होतो. महाकालाच्या सवाऱ्या श्रावणातील सोमवारांनंतर भाद्रपदाच्या वद्य पक्षातही निघतात. हाच पक्ष महाराष्ट्राच्या गणनेत श्रावण वद्य होय. म्हणजे सवाऱ्यांच्या काळात दोन्ही रीतींचा श्रावण सामावतो.

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असून ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. सौर वर्षापेक्षा ते सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने सुमारे ३३ वर्षांत रमजान सर्व ऋतूंतून फिरून येतो. हिंदू पंचांगात हा फरक अधिक मास धरून भरून काढतात. १९ वर्षांत साधारण ७ अधिक मास येतात. चंद्र एकच आहे. फरक आहे तो उरलेल्या दिवसांची व्यवस्था कशी लावली याचा.

राष्ट्रीय दिनदर्शिका

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये रॉबर्ट सेवेल यांच्यासह हिंदू आणि मुसलमानी तारखांचे इसवी तारखांत रूपांतर करण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमण्यात आली. तीत उज्जैनच्या माधव महाविद्यालयातील गणिताचे अध्यापक रा. वि. वैद्य हे सदस्य होते. देशात सुमारे ३० निरनिराळी पंचांगे प्रचलित असल्याचे त्या वेळी दिसून आले. समितीने गणितासाठी रेखांश ८२ अंश ३० कला हा भारतीय प्रमाणवेळेचा घेतला, पण अक्षांश २३ अंश ११ कला हा उज्जैनचाच ठेवला. २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र शके १८७९ ही राष्ट्रीय दिनदर्शिकेची पहिली तारीख ठरली. धार्मिक सणांच्या रूढ पद्धतीला तिने बाधा आणली नाही.

समारोप

उज्जैनच्या उदाहरणावरून असे दिसते की तारीख ही आकाशातून तयार उतरत नाही. ती मोजावी लागते आणि ती मोजण्यात संस्कृत, अरबी, फारसी व मराठी जाणणाऱ्या अनेक पिढ्यांचे श्रम आहेत. म्हणून कोणताही स्मृतिदिन शिकवताना मूळ साधनातील तारीख ज्या सनात असेल त्या सनातच प्रथम सांगावी आणि मग तिचे रूपांतर द्यावे. जुन्या मोडी पत्रावरील ‘छ रमजान’ वाचता येणे आणि भिंतीवरील पंचांगातील अधिक मास समजणे ही एकाच शिक्षणाची दोन अंगे आहेत. ती दोन्ही विद्यार्थ्याला मिळाली, तर शेजाऱ्याचा सण त्याला केवळ सुट्टीचा दिवस वाटणार नाही. त्या सणाच्या तिथीमागे आपल्याच पूर्वजांचे गणित आहे, हेही त्याला उमगेल.