इंजिन बंद पडतं तेव्हा : १९३० सालची एक शर्यत

मंडळी, विमानांचा इतिहास सांगताना आपण कोण कुठून उडालं आणि कुठे पोचलं एवढंच सांगतो. मध्ये कुठे उतरावं लागलं, ते सांगायचं राहून जातं. आज आम्ही त्या मधल्या उतरण्याबद्दल बोलणार आहोत.

आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं. इंग्लंड ते हिंदुस्थान, किंवा उलट दिशेने, एकट्याने आणि ठरलेल्या मुदतीत विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं. १९३० साली तिघे निघाले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग आणि सतरा वर्षांचे ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे आले. पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे गेले. तिघांकडेही जिप्सी मॉथ जातीची विमानं होती.

ही जिप्सी मॉथ म्हणजे काय होतं? लाकडाचा सांगाडा, कापड ताणलेले दुहेरी पंख, उघडी बैठक आणि साधारण शंभर अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं एकच इंजिन. रेडिओ नाही. नकाशा मांडीवर आणि नजर खालच्या रेल्वेच्या रुळांवर किंवा समुद्राच्या काठावर.

आता कुणालाही वाटेल, एकच इंजिन, ते बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येणार. तसं होत नाही. इंजिन थांबलं तरी पंख थांबत नाहीत. पंखांवरून हवा वाहत राहिली की विमान घसरगुंडीवरून यावं तसं तरंगत खाली येतं. मात्र त्यासाठी वेग हवा, आणि वेगासाठी नाक खाली करावं लागतं. घाबरलेल्या माणसाचा हात नेमकं उलटं करतो. जमीन जवळ येताना दिसली की तो नाक वर ओढतो. वेग संपतो, पंख उचलून धरेनासे होतात आणि विमान कोसळतं. म्हणजे बरेचदा जीव जातो तो इंजिनामुळे नाही, त्यानंतरच्या काही सेकंदांमुळे.

म्हणून शिकाऊ वैमानिकाला तेव्हापासून आजपर्यंत तेच शिकवतात. आधी वेग सांभाळ. मग शेत निवड. धुराकडे बघून वारा ओळख आणि वाऱ्याच्या तोंडावर उतर. उड्डाण करताच इंजिन गेलं, तर धावपट्टीकडे परत वळू नकोस, समोर जे असेल तिथेच उतर. वळताना उंची जाते, आणि तेवढी उंची हाताशी नसते.

मनमोहन सिंग यांना फ्रान्सच्या दक्षिणेला एका दलदलीच्या कुरणात असंच उतरावं लागलं. ते सुखरूप राहिले, पुन्हा उडाले आणि कराचीला ॲस्पींच्या आधी पोचलेसुद्धा. पण मुदत उलटली होती, बक्षीस गेलं. आमच्या मते इथे हिशेबाचा प्रश्न आहे. स्पर्धेच्या वहीत ते उतरणं म्हणजे अपयश. पण माणूस आणि यंत्र दोन्ही शाबूत ठेवून उतरणं, हे त्या काळातलं वैमानिकाचं सर्वांत मोठं कसब नव्हतं का?

दुसरा प्रसंग इजिप्तमधल्या अबूकीरचा. जेआरडी तिथे उतरले तेव्हा ॲस्पी अडकून पडले होते. कारण अगदी किरकोळ, स्पार्क प्लग. प्लगवर तेल आणि काजळी साचली की ठिणगी पडत नाही, सिलिंडर चुकायला लागतो. अशा इंजिनावर पुढचं वाळवंट ओलांडणं म्हणजे जिवावरचा खेळ. जेआरडींकडे जादा प्लग होते. त्यांनी ते देऊन टाकले. ॲस्पी ११ मे रोजी कराचीला पोचले आणि थोडक्या फरकाने बक्षीस त्यांना मिळालं.

ही गोष्ट खिलाडूवृत्तीची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण आम्हाला त्यात आणखी काही दिसतं. एका इंजिनावर उडणाऱ्याला दुसऱ्याचं बंद पडलेलं इंजिन परकं वाटत नसतं. आज त्याच्यावर आलेली वेळ उद्या आपल्यावर येणार, हे जेआरडींना ठाऊक असणारच.

पुढे काय झालं? ॲस्पी इंजिनिअर १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. मनमोहन सिंग मार्च १९४२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम इथल्या जपानी हल्ल्यात मारले गेले. आणि जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे आपल्या जुहूला टपाल आणलं, तेही एकाच इंजिनाच्या पस मॉथ विमानातून.

जुहूवरून जाताना त्या टपालाची आठवण आपण काढतोच. त्याबरोबर फ्रान्समधल्या त्या चिखलाची आणि अबूकीरच्या त्या प्लगांचीही काढावी, एवढंच आमचं म्हणणं. आता प्रश्न असतील तर घेऊ.