स्टुका ते मिग-२१: सूर मारून बॉम्ब टाकण्याच्या विद्येची कुळकथा

लढाऊ विमानांचा सिम्युलेटर संगणकावर लावून जर्मन युंकर्स ८७, म्हणजेच प्रसिद्ध ‘स्टुका’, पहिल्यांदा उडवणारा खेळाडू बहुतेक एकाच ठिकाणी अडतो. चार हजार मीटरवरून खालचा पूल स्वच्छ दिसत असतो. विमान जवळ जाते तसा तो नाकाखाली सरकतो आणि ऐन वेळी दिसेनासा होतो. मग अंदाजाने जॉयस्टिक पुढे लोटायची, वेग भसाभसा वाढू द्यायचा आणि पूल समोर दिसताक्षणी बटण दाबायचे. बॉम्ब नदीत पडतो. विमान वर खेचायला उशीर झालेला असतो, आणि जोराने खेचले तर पडदा काळा होतो. वैमानिकाच्या डोक्यातले रक्त पायांकडे उतरल्याने त्याची शुद्ध गेली, हे सिम्युलेटर असे दाखवतो.

याचे उत्तर त्या विमानातच असते. स्टुकाच्या वैमानिकाच्या पायांशी, विमानाच्या तळात, एक खिडकी आहे. लक्ष्य त्या खिडकीत आले की वेगाला आवर घालणाऱ्या पंखाखालच्या पट्ट्या उघडायच्या आणि विमान खाली लोटायचे. बाजूच्या काचेवर लाल रेघा आखलेल्या असतात. त्यांतली एक रेघ क्षितिजाशी जुळली की सूर किती अंशांचा आहे ते कळते. बॉम्ब सुटल्यावर विमान आपोआप वर उचलणारी यंत्रणाही आहे. खेळात सहज हाताशी येणाऱ्या या प्रत्येक सोयीमागे खऱ्या माणसांची धडपड आहे, आणि काहींमागे मृत्यूही. या विद्येचे कूळ शोधत गेले की वाट फ्रान्समधल्या एका कालव्यापासून निघते, मणिपूरच्या डोंगरांवरून जाते आणि सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठालाही स्पर्श करते.

मुळात सूर मारायचा कशासाठी? सरळ उडणाऱ्या विमानातून सोडलेला बॉम्ब विमानाचा वेग बरोबर घेऊनच पडतो. ताशी ३६० किलोमीटर वेगाने चार हजार मीटर उंचीवरून तो सोडला तर जमिनीला लागेपर्यंत जवळजवळ अर्धा मिनिट जातो, आणि हवेचा अडथळा सोडला तर तेवढ्यात तो पावणेतीन किलोमीटरहून अधिक पुढे जातो. एवढ्या अंतरात वाऱ्याची झुळूक, वेगाचा थोडा चुकलेला अंदाज किंवा उंचीमापकातला फरक, यांपैकी काहीही बॉम्ब शेतात पाडायला पुरेसे असते. विमानच लक्ष्याच्या रोखाने खाली आले तर बॉम्बची वाट आणि वैमानिकाची नजर जवळजवळ एका रेषेत येतात. कृष्णेच्या पाण्यावर थबकलेला खंड्या मासा हेरून उभा खाली झेपावतो, त्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे.

पहिल्या महायुद्धात ही गोष्ट काही वैमानिकांनी स्वतःच्या हिमतीवर करून पाहिली. १४ मार्च १९१८ रोजी ब्रिटिश ८४ व्या स्क्वाड्रनचा सेकंड लेफ्टनंट विल्यम हेन्री ब्राउन याने फ्रान्समध्ये सेंट क्वेंटिनजवळच्या कालव्यावर दारूगोळ्याने भरलेली एक नाव हेरली, सुमारे १५० मीटरपर्यंत सूर मारला आणि ती उडवून दिली. या प्रकारच्या सर्वांत जुन्या नोंदींत ही मोडते. ८४ हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑर्फोर्डनेसच्या चाचणी केंद्रावर या पद्धतीचे प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की नेम चांगला लागतो, पण विमाने आणि माणसे फार जातील. ब्रिटिश हवाई दलाने पुढची अनेक वर्षे या विद्येकडे पाठ फिरवली, त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

अमेरिकी मरीन वैमानिकांनी मात्र ती उचलली. १९१९ मध्ये हैतीत लेफ्टनंट लॉसन सँडरसनने बंदुकीची नळी काचेपुढे बसवून तिचाच नेम धरायला उपयोग केला, टपालाच्या कापडी पिशवीत बॉम्ब ठेवला आणि ४५ अंशांचा सूर मारून तो सोडला. १६ जुलै १९२७ रोजी निकाराग्वातल्या ओकोताल गावी वेढ्यात सापडलेल्या मरीन तुकडीला मेजर रॉस रोवेलच्या विमानांनी याच पद्धतीने सोडवले. पुढे अमेरिकी नौदलाने हे तंत्र जहाजांसाठी घडवले. जहाज हलते, वळणे घेते. उंचावरून सरळ टाकलेला बॉम्ब त्याच्यावर पडणे जवळजवळ अशक्य असते. सूर मारणारा वैमानिक मात्र शेवटच्या क्षणापर्यंत नेम बदलू शकतो.

पहिल्या महायुद्धात ६२ विमाने पाडलेला जर्मन वैमानिक एर्न्स्ट उडेट याने १९३१ मध्ये अमेरिकेत हे प्रात्यक्षिक पाहिले आणि तो भारून गेला. १९३३ मध्ये कर्टिस हॉक जातीची दोन विमाने जर्मनीत आणवली गेली. १७ सप्टेंबर १९३५ ला युंकर्स ८७ चा पहिला नमुना उडाला. उडेटचे वेड इथे थांबले असते तर बरे झाले असते. पण जर्मन हवाई दलाच्या तांत्रिक विभागाचा प्रमुख झाल्यावर दोन इंजिनांच्या आणि त्याहूनही मोठ्या बॉम्बर विमानांनाही सूर मारता आला पाहिजे, हा आग्रह त्याने धरला. त्यामुळे चांगली विमाने जड झाली आणि वर्षानुवर्षे रखडली. कोणतेही तंत्र सगळीकडे लावायला गेले की ते फसते, याचा हा मोठा पुरावा आहे.

या विद्येतला सगळ्यांत भीषण धडा युद्ध सुरू होण्याआधीच मिळाला. १५ ऑगस्ट १९३९ रोजी नॉयहामरच्या सराव मैदानावर स्टुका विमानांची तुकडी ढगांतून खाली उतरली. ढग संपल्यावर जमीन दिसेल आणि वर यायला पुरेशी उंची उरेल, अशी अपेक्षा होती. पण धुके जमिनीपर्यंत टेकले होते. तेरा विमाने आणि २६ माणसे एका सुरात गेली. सिम्युलेटरमध्ये ‘ढगांचा तळ किती उंचीवर आहे ते आधी बघ’ असे अनुभवी खेळाडू नवख्याला बजावतात, त्या एका वाक्यामागे हे २६ जण आहेत.

यशाचे शिखर समुद्रावर दिसले. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत अमेरिकी डाँटलेस विमानांनी काही मिनिटांत आकागी, कागा आणि सोर्यू ही तीन जपानी विमानवाहू जहाजे पेटवली, चौथे हिर्यू त्याच दिवशी गाठले. त्या विमानांच्या पंखांवरच्या झडपांना भोके पाडलेली होती. उभ्या सुरात वेग रोखताना विमान थरथरू नये म्हणून ही युक्ती केली होती.

भारतीय हवाई दलाच्या वाट्याला मात्र ना स्टुका आले ना डाँटलेस. त्याला मिळाले अमेरिकी बनावटीचे व्हल्टी व्हेन्जन्स. फ्रान्सच्या मागणीवरून आखलेले हे विमान फ्रान्स पडल्यावर ब्रिटनकडे आले आणि शेवटी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरले गेले. दोन माणसे, सोळाशे अश्वशक्तीचे इंजिन, पाचशे पौंडांचे दोन बॉम्ब पोटात आणि अडीचशे पौंडांचे दोन पंखांखाली. त्याचे वैशिष्ट्य पंखात होते. इतर विमानांचे पंख धडाला किंचित वर कललेले बसवतात. व्हेन्जन्सचे पंख शून्य अंशात बसवले होते. त्यामुळे सरळ उडताना ते नाक वर करून, आळसावल्यासारखे चाले, पण उभ्या सुरात पंख विमानाला लक्ष्यापासून बाजूला ओढत नसत. ७५ ते ९० अंशांचा सूर हे विमान सरळ रेषेत मारी. केवळ याच एका कामासाठी घडवलेली विमाने जगात मोजकीच झाली, त्यांत हे एक होते.

१ डिसेंबर १९४२ रोजी भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ या दोन स्क्वाड्रन उभ्या राहिल्या आणि दोघींना व्हेन्जन्स मिळाले. ८ व्या स्क्वाड्रनचे नेतृत्व निरंजन प्रसाद यांच्याकडे होते आणि डिसेंबर १९४३ पासून ती आराकानच्या आघाडीवर लढत होती. हेम चौधरी यांची ७ वी स्क्वाड्रन मार्च १९४४ मध्ये आसामातल्या उदरबंदला आली आणि इंफाळच्या लढाईत उतरली. तिद्दिम रस्त्यावर मणिपूर नदीवरचा पूल तिच्या लक्ष्यांत होता. त्याच आघाडीवर व्हेन्जन्स उडवणारी एक ब्रिटिश स्क्वाड्रन होती ८४ वी, म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी कालव्यावरची नाव उडवणाऱ्या ब्राउनची. मधल्या काळात ब्रिटिश हवाई दलाने नाकारलेली विद्या त्याच स्क्वाड्रनकडे परत आली होती, आणि आता शेजारी भारतीय वैमानिक तीच विद्या गिरवत होते.

खाली जंगलात कोण होते? मार्च १९४४ मध्ये याच आघाडीवरच्या सांगशाकला जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत चौथी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. मराठा पलटणींना जवान पुरवणाऱ्या मुलखात सातारा जिल्हा पहिल्या रांगेतला. पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावलेले अपशिंगे गाव इथलेच. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे आजचे सांगलीचे तालुकेही येत. १९४९ मध्ये त्यांचा दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये सांगली. गंमत अशी की महायुद्धाच्या त्याच वर्षांत याच मुलखात नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजी राज्य खिळखिळे करत होते. एकाच तालुक्यातून एकजण इंफाळला आणि दुसरा भूमिगत, हे चित्र त्या काळाशिवाय कुठे दिसणार नाही.

७ व्या स्क्वाड्रनमध्ये व्हेन्जन्स उडवणारा एक तरुण अधिकारी होता प्रताप चंद्र लाल. पुढे त्याने तिचे नेतृत्व केले आणि त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. १९४४ च्या उत्तरार्धात व्हेन्जन्स निवृत्त झाले, हरिकेन आणि स्पिटफायर आले. उभा सूर संपला, पण सूर संपला नाही.

१ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. जन्म देवराष्ट्रेचा, आज तो सांगली जिल्हा, आणि जडणघडण साताऱ्यातल्या कराडची. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग त्यांच्याकडे विमाने वापरण्याची परवानगी मागायला आले. यशवंतरावांनी ती लगेच दिली. पठाणकोटहून व्हॅम्पायर आणि मिस्टीयर विमाने संध्याकाळीच निघाली आणि उथळ सूर मारत रणगाड्यांवर तुटून पडली. त्याच संध्याकाळी चार व्हॅम्पायर गेली. कमी वेगाच्या जुन्या विमानाने दिवसाढवळ्या सूर मारण्याची किंमत १९४० मध्ये इंग्लंडवर स्टुका तुकड्यांनी मोजली होती, तीच छांबला मोजावी लागली. तरीही रणगाड्यांची आगेकूच रोखायला तो निर्णय आवश्यक होता, असेच म्हणावे लागते. तेव्हा हवाई दलाचे उपप्रमुख होते पी. सी. लाल, आणि लाहोर आघाडीवर १५ व्या डिव्हिजनचे नेतृत्व होते आता लष्करात असलेल्या मेजर जनरल निरंजन प्रसाद यांच्याकडे. व्हेन्जन्सच्या दोन्ही स्क्वाड्रनची माणसे पुन्हा एका युद्धात होती.

१९७१ मध्ये लाल हवाई दलप्रमुख होते. ढाक्याच्या तेजगाव तळावर पाकिस्तानी सेबर विमाने होती. तळावर चढाया करून ती संपत नव्हती, म्हणून धावपट्टीच तोडायचे ठरले. मिग-२१ हे उंचावर, ध्वनीपेक्षा वेगाने शत्रूचे विमान गाठायला घडवलेले. ६ डिसेंबरला विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या २८ व्या स्क्वाड्रनने गुवाहाटीहून या विमानाखाली पाचशे किलोचे बॉम्ब लावून तीव्र उताराचा सूर मारत धावपट्टीवर नेम धरला. धावपट्टीला भगदाडे पडली आणि सेबर पुन्हा उठली नाहीत. १९१८ मध्ये ब्राउनने केले त्याचीच ही सुधारित आवृत्ती होती. खास सुरासाठी घडवलेले विमान नसले तरी वैमानिकाच्या डोळ्यात आणि मनगटात सराव असला की काम होते.

देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ ला साताऱ्यात सुरू झाली, तेव्हा यशवंतराव मुख्यमंत्री होते. त्या शाळेचे विद्यार्थी प्रदीप वसंत नाईक पुढे मिग-२१ चे वैमानिक झाले, हवाई लढाईचे डावपेच शिकवणाऱ्या संस्थेत शिक्षक राहिले आणि २००९ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीतच उभ्या सुराची जागा लेसरने नेम धरणाऱ्या बॉम्बने घेतली. १९९९ मध्ये कारगिलच्या टायगर हिलवर मिराज विमानाने उंचावरूनच असा बॉम्ब सोडला.

त्यामुळे हा जुना सूर आज मारला जातो तो प्रामुख्याने सिम्युलेटरमध्ये. २००१ मध्ये आलेल्या ‘आयएल-२ स्टुर्मोविक’पासून कितीतरी खेळांनी तो जपला आहे. या वेगवेगळ्या खेळांत मिळून स्टुकापासून मिग-२१ पर्यंतची विमाने उडवता येतात. शिकणाऱ्याने काही गोष्टी धराव्यात. नवख्याला ४५ अंशांचा सूर साठ अंशांचा वाटतो, म्हणून मोजमाप मनाशी नव्हे, काचेवरच्या रेघेशी लावावे. सुरात उतरण्याआधी वेग कमी करावा आणि पायाच्या दांड्यांनी घसरण सुधारावी, कारण विमान आडवे घसरत असेल तर बॉम्बही आडवा जातो. वारा कोणत्या बाजूने वाहतो ते धुरावरून बघावे. उंचीमापक मागे पडतो, म्हणून ठरवलेल्या उंचीच्या आधीच हात बटणावर असावा. आणि लक्ष्याकडे टक लावून राहिल्याने जमीन विसरली जाते, हा या विद्येतला सर्वांत जुना शत्रू आहे. शेवटी विमान वर खेचतानाचा ताण किती वेळ सोसवतो ते शरीरच सांगते आणि खुर्चीत बसलेल्याला ते कधीच कळत नाही, हेही मान्य करायला हवे.

सातारा-सांगलीतल्या ज्यांनी हा खेळ घेतला असेल, त्यांना एक विनंती. जर्मन आणि अमेरिकी मोहिमा सगळेच उडवतात. पुढच्या वेळी नकाशावर मणिपूर नदीवरचा पूल मांडा, पी. सी. लाल यांच्या आठवणींचे पुस्तक वाचा आणि १९४४ च्या पावसाळ्याआधी ७ व्या आणि ८ व्या स्क्वाड्रनने उडवलेली मोहीम उभी करा. ती आजपर्यंत फार थोड्यांनी केली आहे.